माळ्यावरची बंदूक आणि व्हिडिओ कॉलवरचा पोलीस

या वेळचं पत्र राजापूर तालुक्यातून आलं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव काढून, थोडं संक्षिप्त करून देते.

“सप्रेम नमस्कार. वाडीत मी आणि माझ्या सासूबाई दोघीच राहतो. मी ५८ वर्षांची, त्या ८४च्या. हे गेल्या मार्गशीर्षात गेले. मुलगा-सून डोंबिवलीला असतात. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं गणपती-शिमग्यालाच उघडतात. मागच्या महिन्यात शेजारचं बंद घर फोडलं, तांब्यापितळेची सगळी भांडी गेली. त्यानंतर आठ दिवसांनी मला फोन आला. मुंबईच्या पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्या आधारकार्डावर सिम घेऊन गुन्हा झालाय, म्हणाला. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस. आमच्याकडे रेंज फक्त ओटीवर येते, तिथून अडीच तास मला हलू दिलं नाही. मी आधारचा फोटो पाठवला, बँकेचं नाव सांगितलं, त्याने सांगितलं ते बटण दाबलं तर माझा फोन त्याला दिसायला लागला. चुलीवर पेज उतू गेली म्हणून सासूबाई ओरडत बाहेर आल्या, तेव्हा मी घाबरून फोन बंद केला. पैसे गेले नाहीत. मुलगा म्हणतो, बाबांची शेतीरक्षणाची बंदूक माळ्यावर आहे ती काढून उशाशी ठेव, घरात शिरलेल्या चोराला मारलं तर कायदा काही करत नाही. शेजारचे म्हणतात, कुंपणात करंट सोडा. शनिवारी मुलगा येणार आहे. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?”

ताई,

पेज उतू गेली हे फार बरं झालं. आणि फोन तुम्ही स्वतः बंद केलात, हे विसरू नका. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, पण अडीच तास गणवेशातला माणूस डोळे वटारून बोलत असताना फोन कापायला किती बळ लागतं, ते ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनाच कळतं.

एकाच महिन्यात दोन धक्के बसले, म्हणून तुमच्या मनात दोन्हींची एकच गाठ बसली आहे. शेजारच्या घरातले हंडे नेणारा चोर वेगळा आणि व्हिडिओ कॉलवरचा वेगळा. पहिला माणूस नसलेलं घर शोधत होता. दुसऱ्याला तुम्हीच हव्या होतात, त्याही एकट्या. माळ्यावरची बंदूक या दोघांपैकी एकालाही थांबवणार नाही, उलट तिसरंच संकट उभं करील. त्याकडे येतेच, पण आधी फोनचं बघू. तुमच्या घराचं ते दार अजून उघडं आहे.

व्हिडिओ कॉलवर धाकात बसवून ठेवण्याच्या या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण त्या नावाची कुठलीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. पोलीस अटक करतात ती समोर येऊन. अपवादाची परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याला आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. चौकशीला हजर राहा अशी पोलिसांची नोटीससुद्धा व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. व्हिडिओ कॉलवर कोणाला कोठडीत ठेवता येत नाही, आणि “खात्यातले पैसे तपासणीसाठी आमच्याकडे पाठवा, नंतर परत करू” असं सांगणारी एकही सरकारी यंत्रणा या देशात नाही.

हे आपण फसलो कसे, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रातून ते जाणवतं. लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांना २०२४मध्ये याच पद्धतीने ७ कोटी रुपयांना लुटलं. त्यांच्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीही भरवली होती. हरियाणात अंबाल्याला एका वृद्ध जोडप्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून जास्त रक्कम काढून घेतली. त्यातल्या आजींनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. एका बाईने लाज न बाळगता लिहिलेल्या पत्रामुळे ते प्रकरण देशापुढे आलं. तुम्हीही लिहिलंत, त्याबद्दल मला तुमचं मनापासून कौतुक वाटतं.

त्या माणसाने तुमच्याकडून पहिल्यांदा काय काढून घेतलं ते आठवून बघा. आधारचा फोटो नंतर. आधी त्याने तुमचा वेळ घेतला. फोन ठेवायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही, मुलाला सांगाल तर तोही आत जाईल. माणसाला विचार करायला पाच मिनिटं मिळाली किंवा दुसऱ्या कोणाचा आवाज कानावर पडला की ही सगळी रचना कोसळते. सासूबाईंची हाक आली आणि नेमकं तेच झालं. पुढच्या वेळी कोणी कितीही मोठा अधिकारी म्हणून बोलला तरी फोन ठेवायचा आणि आतल्या माणसाला हाक मारायची. खरा पोलीस असेल तर तो ठाण्यातून परत येईल, पळून जाणार नाही.

आता त्याच्या हाती गेलेल्या गोष्टी. शनिवारची वाट बघू नका, हे पत्र वाचाल त्याच दिवशी १९३०वर फोन करा. पैसे गेले नसले तरी करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. तुमच्या आधारचा कुठे गैरवापर झालाच तर अमुक तारखेला मी कळवलं होतं, याचा तो पुरावा. बँकेत स्वतः जा आणि शाखाधिकाऱ्याला लेखी द्या: माझा फोन परक्या माणसाला दिसत होता, ऑनलाइन व्यवहार तूर्त थांबवा, आधारवर अंगठा लावून पैसे काढण्याची सोयही बंद ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्क्याला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात म्हटलंय की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून तो कागद कधी दिला, हे दाखवता आलं पाहिजे.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या, तुमचंही आणि सासूबाईंचंही. एमआधार अॅपवरून होतं, आधार केंद्रावरही होतं. एक अडचण आधीच सांगते, म्हणजे दुकानात उभं राहून घाबरायला नको. लॉक असताना रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. रेशन आणायच्या दिवशी ते थोडा वेळ उघडावं लागतं, आणि परत आल्यावर बंद झालंय याची खात्री करायची. तुमच्या नावावर दुसऱ्या कोणी सिम घेतलंय का, हे संचार साथी या दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. तुमचा नसलेला नंबर तिथे सापडला तर तिथल्या तिथे नाकारता येतो. त्याच ठिकाणी ‘चक्षू’मध्ये त्या फोन करणाऱ्याचा नंबर कळवा.

फोन मात्र तालुक्याच्या दुकानात दुरुस्तीला टाकल्यासारखा कोणाच्या हातात देऊ नका. मुलगा आला की त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. अनोळखी अॅप आलंय का ते शोधून काढून टाकायचं. मग पिन आणि पासवर्ड बदलायचे. व्हॉट्सअॅपला सहा आकडी दुहेरी पडताळणी लावायची. फोनच्या डायलवर तारा (*), चौकट (#) असलेले आकडे दाबायला कोणी सांगितलं होतं का, हेही आठवा. त्यातून तुमचे फोन दुसरीकडे वळवता येतात. दोनदा चौकट, शून्य शून्य दोन, परत चौकट असं दाबून कॉल लावला की सगळं वळवणं रद्द होतं.

हल्ली लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके नावाची, फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल येते. ती उघडायचीच नाही, मावशीच्या नंबरावरून आली तरी. मावशीचाच फोन त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. आणि घरातल्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा. उद्या कोणी मुलाच्या आवाजात “आई, अपघात झालाय, पैसे पाठव” म्हणून रडू लागला, तर तो शब्द विचारायचा. पूर्वी तुमच्या गोठ्यात असलेल्या एखाद्या गाईचं नाव चालेल. ते फेसबुकवर कुठेच नसतं.

आता बंदुकीकडे येते. हे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण मी तालुक्याच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली केली आणि माळ्यावरच्या बंदुकांनी घरं कशी अडचणीत येतात ते जवळून बघितलंय.

शेतीरक्षणाची म्हणजे ती बहुधा ठासणीची असणार. कोकणात घरोघरी वानर-डुकरांपासून भात आणि बागा राखायला हे परवाने दिले गेले. १९५९च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. निवडणूक लागली की तुमचे मिस्टर ती पोलीस ठाण्यात जमा करायला जात असतील, निकालानंतर परत आणत असतील. ती जा-ये तुम्ही पाहिलीच असणार. पण परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. ते गेले त्या दिवशी परवाना संपला. आज ती बंदूक तुमच्या घरात विनापरवाना आहे. विनापरवाना बंदूक बाळगण्याला, २०१९च्या दुरुस्तीनंतर, कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि वर दंड आहे. तुम्ही ती कधी हातातही धरली नसेल. तरीही घर तुमचं आणि माळाही तुमचाच.

घाबरू नका, यातून बाहेर पडायची वाट कायद्यानेच ठेवली आहे. त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नसेल तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. तुम्हाला वर्ष होत आलं, उशीर झालाच आहे. पण दुःखात राहून गेलं असं सांगून स्वतःहून बंदूक जमा करणारी बाई वेगळी आणि झडतीत बंदूक सापडलेली बाई वेगळी, हे कोणत्याही ठाणेदाराला कळतं. मृत्यूचा दाखला, परवान्याचं मूळ पुस्तक आणि साधा अर्ज एवढं जवळ ठेवा. बंदुकीचं वर्णन, तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख असलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

ती ह्यांची आठवण म्हणून घरात राहावी असं वाटत असेल, तर त्यालाही मार्ग आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारसाला त्याच शस्त्राचा परवाना मागता येतो. बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं. तुमच्याकडे ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणजे अर्ज रत्नागिरीला. मुलगा राहतो तिकडे पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे त्याने स्वतःच्या नावावर मागायचं ठरवलं तर तिथल्या पोलीस आयुक्तांकडे जावं लागेल. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, चौकशी होते, वेळ लागतो. तोवर बंदूक ठाण्यातच. ती तिथे कायमची पडून राहिली तर मात्र सरकारजमा होऊ शकते, म्हणून निर्णय लांबवू नका. मला विचाराल तर, ज्या घरात आता शेतावर बंदूक घेऊन जाणारं कोणी उरलं नाही, तिथे ती परत आणू नये. विक्रेत्यामार्फत विकता येते.

आणि मुलाला एक गोष्ट समोर बसवून विचारा. ठासणीची बंदूक भरतात कशी, हे त्याने कधी बघितलंय का? नळीत आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, शेवटी टोपी बसवायची. दिवसाउजेडी सरावाच्या हाताला जे करायला वेळ लागतो, ते काळोखात, घाबरलेल्या हातांनी, दार फुटत असताना कोण करणार? म्हणजे उशाशी ठेवायची तर भरूनच ठेवावी लागेल. भरलेली ठासणीची बंदूक रिकामी करणंसुद्धा जोखमीचं असतं. नळीतली जुनी दारू गेली असेल असं समजून कोणीतरी चाप ओढून बघतो, आणि घरातलंच माणूस जातं. रानात हललेल्या झुडपावर डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने सोबतीच गेल्याच्या बातम्या कोकणाला नवीन नाहीत. डुकराची चोरटी शिकार हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळा गुन्हा, ते सोडाच.

तुमच्या घराचं रात्रीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. सासूबाई रात्री दोनदा मागच्या दाराने उठत असतील. मुंबईहून येणारा माणूस पहाटे चारला एसटीतून उतरून, फोन न लागल्यामुळे न कळवता दार वाजवतो, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. काळोखात दारापाशी उभी असलेली आकृती चोराची की लेकाची, हे बंदुकीला कळत नाही.

“घरात शिरलेल्या चोराला मारलं तर कायदा काही करत नाही.” तुमच्या मुलाच्या या वाक्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं तुम्हाला नीट माहीत असलं पाहिजे. जीव वाचवण्याचा तुमचा हक्क कमी समजू नका. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही सगळी स्वसंरक्षणाची आहेत. स्वतःचं शरीर आणि मालमत्ता, आणि दुसऱ्याचंही शरीर आणि मालमत्ता राखण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क कधी पोचतो, ते कलम ३८ आणि ४१मध्ये लिहिलंय: जिवाला किंवा जबर दुखापतीला धोका असेल, बलात्काराचा हेतू असेल, पळवून नेणं, अॅसिड फेकणं, जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडीही त्यात येते. तेव्हा रात्री दोनला कोणी तुमचं दार फोडून माजघरात आला आणि तुम्ही हाताला लागेल त्याने त्याला हाणलं, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की जीव धोक्यात असलेल्या माणसाने आपला प्रतिकार गणिती अचूकतेने मोजून-मापून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. धोका वाजवी कारणाने वाटला, एवढं पुरतं. आरोपीला आपला बचाव संशयातीत सिद्धही करावा लागत नाही, तो संभवनीय आहे एवढं दाखवावं लागतं.

आता उरलेलं अर्धं. कलम ३७ दोन कुंपणं घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता, तर हा हक्क नाही. आणि बचावाला गरज होती त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. साध्या चोरीसाठी, जिवाला धोका नसताना, जीव घेता येत नाही. भीती आहे तोवरच हक्क आहे, भीती संपली की हक्कही संपला.

एक प्रसंग सांगते. रात्री गोठ्याकडे शिरलेल्या माणसावर एका शेतकऱ्याने कोयता चालवला होता. कोर्टात सरकारी वकिलांनी त्याला एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला: “वार केलात तेव्हा त्याचं तोंड तुमच्याकडे होतं की पाठ?” जखम मांडीच्या मागच्या बाजूला होती. त्या साठीच्या गृहस्थांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडली होती. ते खरं बोलले: काळोख होता, तो वळला होता की वळत होता ते मला सांगता येत नाही. शेवटी ते सुटले. पण मधली सहा वर्षं आणि कलमांची अर्धी बाग त्यात गेली. त्यांच्या हातात कोयता होता, शेतकऱ्याच्या घरात असतो तो. बेकायदा बंदूक असती तर स्वसंरक्षण मान्य होऊनही शस्त्र कायद्याचा गुन्हा वेगळा चालला असता.

तलवार, गुप्ती असलं काही मुलाने ऑनलाइन मागवायचं म्हटलं तर तेही नको. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं, घरगुती आणि शेतीकामाची सोडून, शस्त्र नियमांच्या यादीत येतात. मिरचीचा स्प्रे ठेवायला परवाना लागत नाही, तो जरूर ठेवा. पण तोही भांडणात कोणाच्या डोळ्यांत मारायचा नाही. जिवाला धोका नसताना तो वापरल्याचं एक प्रकरण रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४मध्ये नकार दिला आहे.

कुंपणातल्या करंटबद्दल मला कळकळीने सांगायचंय: कोणीही, कितीही आपुलकीने सांगितलं तरी करू नका. डुकरांसाठी सोडलेल्या तारेला चिकटून शेजारी, गुराखी, घरची पोरं मेली आहेत आणि तार लावणाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचे गुन्हे दाखल झाले आहेत. स्वसंरक्षण म्हणजे समोर उभ्या ठाकलेल्या धोक्याला दिलेलं उत्तर. तारेसमोर कोण येईल ते तुम्हाला माहीतच नसतं, म्हणून तिथे हा बचाव टिकत नाही. बागेसाठी बॅटरीवर चालणारी झटका मशीन मिळते, ती वेगळी. घराभोवती मात्र तिचीही गरज नाही.

मग रात्री काय करायचं? तुमच्या शेजारचं घर फोडलं ते बंद होतं म्हणून. बंद घरं हेरणाऱ्याला जागं घर नको असतं. तेव्हा घर जागं दिसू द्या. खळ्यातल्या आणि मागीलदारच्या दिव्यांची बटणं माजघरात, बिछान्यावरून हात पोचेल अशी घ्या. वायरमन एका दिवसात करून देतो. जुन्या दाराला आगळ असेल तर ती रोज घाला. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे भिंतीतलं भोक मातीने भरलेलं असतं, ते कोरून घ्या. सासूबाईंसाठी रात्रीची सोय आत करा, म्हणजे मागचं दार रात्री उघडायलाच नको.

खुडबुड ऐकू आली तर बघायला बाहेर जायचं नाही. दिवे लावायचे, ताट बडवायचं, शेजाऱ्यांची नावं घेऊन हाका मारायच्या, आणि ११२. हा नंबर तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची रेंज असेल तर लागतो. माजघरातून लागतो का ते एकदा दिवसा पडताळून बघा. चुकून नव्हे, चाचणी करतेय असं त्यांना सांगितलं की ते समजून घेतात. फोनचं बाजूचं बटण काही वेळा दाबून मदत मागण्याची सोयही बहुतेक फोनमध्ये असते, मुलाकडून ती चालू करून घ्या. चोर आत आलाच तर भांडी, सोनं, जे मागेल ते देऊन टाका. दोघींचे जीव राहिले की बाकीचं परत मिळवता येतं.

वाडीत उघडी असलेली घरं मिळून एक बैठक घ्या, पोलीस पाटलांना बोलवा. ग्रामसुरक्षा दल गावात नावापुरतं असेल तर ते जागं करायला सांगा. राज्यातल्या बऱ्याच गावांनी अशी व्यवस्था लावून घेतली आहे की एका ठरलेल्या नंबरावर फोन केला की तुमचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकदम जातो. तुमच्या ग्रामपंचायतीत ती आहे का विचारा. मुंबईकरांनाही निरोप द्या: परतीच्या गाडीत बसून “पुन्हा पुढच्या वर्षी” म्हणत बंद दाराचा फोटो टाकू नका. बंद घराला कॅमेरा बसवला असेल तर कंपनीने दिलेला पासवर्ड आधी बदला. नाहीतर घर रिकामं आहे हे दूरवरचा कोणीही बघू शकतो.

आता शनिवारचं. मुलाला आजच सांगून ठेवा की माळ्यावर चढून बंदुकीला हात लावायचा नाही. आधी पोलीस ठाण्यात फोन करून ती न्यायची आहे हे कळवा, पोलीस पाटलांना बरोबर घ्या. वाडीत परवान्याची बंदूक असलेलं जुनं माणूस कोणी असेल तर नळी भरलेली आहे का, हे त्यांच्याकडून तपासून घ्या. शंका असेल तर ठाण्यातूनच माणूस मागवा. तोवर माळ्याची शिडी काढून पडवीत ठेवा.